छत्तीसचा म्हणून दिलेला रोल

२ जुलै २०००, रविवार

आजपासून रोजनिशी. नियमित. मागच्या दोन वह्या कौशल्यावहिनीने रद्दीत घातल्या. भावाच्या घरात राहायचं तर एवढं सोसावं लागतं.

बुधवार पेठेतून फिल्मचा शंभर फुटी डबा आणला. ब्लॅक अँड व्हाइट. तयार रोल विकत घेणारे लोक मला कधी कळले नाहीत. काळ्या कापडी पिशवीत डबा, कात्री आणि रिकामी कॅसेट घालायची, बाह्यांतून हात आत सरकवायचे आणि चाचपडत हवी तेवढी फिल्म कापून कॅसेटमध्ये गुंडाळायची. उजेड लागला की खेळ खलास. शांत डोक्याच्या माणसाचं काम. माझं डोकं शांत आहे.

वहिनी म्हणाली, भावजी, पिशवीत मांजर आहे का?

दुपारी नम्रता आली. आमच्या नुकत्याच संपलेल्या फोटोग्राफी क्लासमधली. अमरावतीची, इथे सॉफ्टवेअर कंपनीत, राहते होस्टेलवर. मीच म्हणालो होतो, रोल भरून देत जाईन, धुऊनही देईन. पहिला दिला. पूर्ण छत्तीस फोटोंचा. निघताना 'थँक्यू अभयदादा' म्हणाली. पुण्यात दादा म्हणजे निव्वळ आदर. वयाचा संबंध नाही. मी फक्त अडतीसचा आहे.

१६ जुलै, रविवार

आली नाही.

३० जुलै, रविवार

आली! कंपनीत शनिवारीसुद्धा बसवतात, म्हणाली. छत्तीस फोटो संपता संपत नाहीत. वहिनीने पोहे केले. नम्रताने दोन बशा खाल्ल्या. म्हणजे इथे रमली.

ती गेल्यावर शांतपणे विचार केला. प्रश्न भावनेचा नाही, फिल्मच्या लांबीचा आहे. छत्तीस फोटो म्हणजे महिन्यातून एक भेट. वीसच भरले तर? शिकणाऱ्याला छोटा रोलच बरा, चुका लवकर कळतात. शैक्षणिक निर्णय. पुढचा रोल वीसचा भरला आणि होस्टेलवर नेऊन दिला. तिला काही बोललो नाही. उगाच टेक्निकल गोष्टींनी कुणाचं डोकं खाऊ नये.

१३ ऑगस्ट, रविवार

पंधरवड्यात हजर. प्रयोग यशस्वी. म्हणाली, दादा, रोल लवकरच संपला हो. मी म्हणालो, घरी भरलेल्या रोलचं असं होतं, हात अंदाजाने चालतो. हे खोटं नाही. अंदाज माझाच आहे.

संध्याकाळी रोल धुतला. बऱ्याच फोटोंत एकच गृहस्थ. दाढी पांढरीशुभ्र. काका असावेत. वडीलधाऱ्यांवर जीव असलेली मुलगी. फार बरं वाटलं.

१४ ऑगस्ट, सोमवार

ऑफिसात बसल्या बसल्या लक्षात आलं, निगेटिव्हमध्ये काळं असतं ते पांढरं दिसतं. म्हणजे दाढी काळी.

जेवणाचा डबा तसाच परत आणला. वहिनीने विचारलं, भाजीत काय वाईट होतं? संध्याकाळपर्यंत सावरलो. काका धाकटेही असतात.

२७ ऑगस्ट, रविवार

प्रिंट देताना सहज विचारलं. रतन नाव. कंपनीतलाच. 'चेहरा इंटरेस्टिंग आहे ना?' म्हणाली. म्हणजे मॉडेल! पोर्ट्रेटची प्रॅक्टिस! दोन आठवडे उगाच जीव टांगणीला लागला होता.

रोल आता पंधराचा करतो आहे.

वहिनी म्हणाली, भावजी, तिला विचारलंत का? मी म्हणालो, तिच्या घरचे बौद्ध आहेत, पण मी जातपात मानत नाही. वहिनी म्हणाली, तुम्ही काय मानता ते नाही विचारलं. तिला विचारलंत का?

वहिनीला या विषयातला नाजूकपणा कळत नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

नम्रता आज नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. वडिलांबद्दल बोलली. बापूराव. अमरावतीला असतात, एसटीत ड्रायव्हर होते. छप्पन साली नागपूरला दीक्षेच्या दिवशी, शाळकरी वयात, आपल्या वडिलांबरोबर गेले होते. त्यानंतर दर दसऱ्याला जायचं ठरायचं आणि दर दसऱ्याला ड्यूटी लागायची. आता रिटायर झाले, तर छाती धड नाही. डॉक्टर नको म्हणतात. ते म्हणतात, यंदा जाणारच. ती घेऊन जाते आहे. दीक्षाभूमीवर, स्तूपासमोर, त्यांचा फोटो काढायचा आहे. एसटीच्या पासावरचा सोडला तर त्यांचा धड फोटोच नाही.

म्हणाली, दादा, या वेळी छत्तीसचा द्या हं. नक्की. मी म्हणालो, शब्द दिला.

बापूरावांची माहिती मला का सांगितली असेल? उघड आहे. घरच्यांची ओळख करून देते आहे. नागपूरहून परत आली की विचारायचं. ठरलं.

२ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. रोल भरायला बसलो. पिशवीत हात घालून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

छत्तीसचा दिला तर दिवाळी उलटेपर्यंत तोंड दिसणार नाही. विचारायचं तर ती समोर यायला हवी. शिवाय एका माणसाच्या फोटोला एक फोटो पुरतो. पंधरा म्हणजे पुष्कळ झाले.

पंधराचा भरला. डबीवर ३६ लिहिलं. तिला धीर यावा म्हणून. होस्टेलवर देऊन आलो. फार खूश झाली.

७ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

नवा शर्ट. आरशासमोर दोन वाक्यं म्हणून पाहिली. पहिलं जमतं. दुसऱ्याच्या वेळी कॉलर नीट करत बसतो. वहिनीने आपट्याची पानं दिली आणि म्हणाली, आता तुमच्या त्या केमिकलच्या बाटल्या बाथरूममधून उचला.

आत्ता नागपुरात फोटो निघत असतील. माझ्या फिल्मवर.

१५ ऑक्टोबर, रविवार

आली. डोळे सुजलेले.

रांग संपता संपत नव्हती. छत्तीस आहेत म्हणून ती वाटेत काढत गेली. स्टँड, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, चहा पिणारी माणसं, पुढे चालणाऱ्या बापूरावांची पाठ. शेवटी स्तूपासमोर पोचले. बापूरावांनी टोपी काढली, केस सारखे केले, हात जोडून उभे राहिले. आणि कॅमेऱ्याचा खटका सरकेना. रोल संपलेला. दुसरा आणायला जायचं तर त्या गर्दीत त्यांना एकटं कसं सोडणार? बापूराव म्हणाले, राहू दे पोरी, मी आलो ना इथे, झालं. फोटो पुढच्या वर्षी काढ.

मग म्हणाली, दादा, तुम्ही तर छत्तीसचा दिला होता. माझ्याच हातून कॅमेऱ्यात काहीतरी चुकलं.

मी म्हणालो, नवशिक्यांचं होतं असं.

का म्हणालो? तोंडातून गेलं. लगेच खरं सांगणार होतो, पण वहिनी चहा घेऊन आली. चहासमोर असलं बोलता येत नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः नागपूरला जाऊन बापूरावांचा फोटो काढून देईन. पक्कं. मग हे सगळं मिटेल.

लग्नाचं आज विचारलं नाही. बरं दिसलं नसतं.

१९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी रतनचा फोन. बापूराव गेले. झोपेतच.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लावायला फोटो हवा आहे. पासावरचा मोठा केला तर चेहरा ओळखू येत नाही. नागपूरच्या रोलमध्ये काही सापडतं का, नम्रताने विचारलं आहे. आम्ही दुपारच्या गाडीने निघतोय, म्हणाला. आम्ही.

नागपूरच्या सगळ्या निगेटिव्ह पुन्हा पाहिल्या. पाठ. पाठ. कपबशी आणि अर्धा कान. एकात बापूरावांनी मान वळवली आहे, पण मध्ये कुणाचा तरी खांदा. बाथरूमच्या खिडकीला चादर लावून तोच मोठा करायला घेतला. ट्रेमधल्या कागदावर हळूहळू खांदा आला. मग टोपी. मग कपाळ. डोळे येतील म्हणून वाट बघत राहिलो. कागद काळा पडत गेला.

रडलो. इथे लिहायला हरकत नाही, वाचणार कोण? वहिनीने दार वाजवलं, भावजी, काय झालं? म्हणालो, केमिकल डोळ्यात गेलं.

दुसरा प्रिंट केला आणि स्टँडवर धावत जाऊन रतनच्या हातात दिला. त्याने पाहिला. 'थँक्यू दादा' म्हणाला. नम्रता गाडीत बसली होती. काचेला डोकं टेकवून.

ठराव: नम्रता आली की आधी रोलचं खरं सांगायचं. दुसरं काही नाही सांगितलं तरी चालेल.

१७ डिसेंबर, रविवार

आली. वाळली आहे. रतन खाली गल्लीत बाइकवर थांबला होता, वहिनीने त्यालाही वर बोलावलं. दाढी काळीभोर. माणूस चांगला आहे. फेब्रुवारीत लग्न, साधंच, अमरावतीला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. ते एक तिने बरं केलं.

मग नम्रताने कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. पहिल्या पगारातून घेतला होता तिने तो. म्हणाली, दादा, हा तुम्हीच ठेवा. माझ्या हाताला यश नाही. बाबा समोर हात जोडून उभे होते आणि मला एक फोटो काढता आला नाही. आता कॅमेरा हातात घेतला की तेच दिसतं.

रतन म्हणाला, दादा, मी किती समजावलं. तिची चूक नाही म्हटलं तरी ऐकत नाही. तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल.

सगळे माझ्याकडे बघत होते. एकच वाक्य होतं. महिनाभर पाठ केलेलं. ते ओठापर्यंत आलं, शपथेवर सांगतो, आलं होतं.

मी म्हणालो, कॅमेरा जपून ठेवीन.

निघताना ती वहिनीच्या गळ्यात पडून रडली. मग मला म्हणाली, तुम्ही माझ्यासाठी फार केलंत दादा.

बाइकचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. वहिनीने कप उचलले. म्हणाली, गुणी पोर आहे हो. आता परत कधी यायची?

मी म्हणालो, रोल संपला की येईल.

वहिनी कप घेऊन उभीच राहिली. म्हणाली, भावजी, कॅमेरा इथे आहे.