साखळीकाका मिठी मारत नाहीत

तीर्थरूप मावशीस,

उशिरा का होईना, पण अगदी वाकून नमस्कार. पत्र लिहायचं आज-उद्या करता करता इतकं लांबलं, की मग कुठल्या तोंडाने लिहायचं म्हणून आणखी लांबवलं. आधी कागद नव्हता. कागद मिळाला तर पेन शूटिंगच्या सेटवरचं निघालं (दिसायला झकास, आत शाईच नाही; इथे सगळा तोच प्रकार). तुझे गुडघे काय म्हणतात? मांजरीला पिल्लं झाली का? तुझ्या आवडत्या विनोदी मालिकेत मला काम लागलं म्हणून तू साऱ्या इमारतीत सांगून मोकळी झालीस, आणि मी एकाही भागात दिसत नाही म्हणून आता शेजारणी तुला टोमणे मारतात, हे फोनवर ऐकलं. त्यांना म्हणावं, साखळीकाकांचं दार दिसतं ना? त्याच्या मागे माझा भाचा असतो.

साखळीकाका कोण हे तुला मी काय सांगावं, पण माझी पत्रं तू सगळ्यांना वाचून दाखवतेस हे ठाऊक आहे, म्हणून मालिका न बघणाऱ्यांसाठी सांगतो. मालिकेतल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा हा खडूस म्हातारा. कुणीही दार वाजवलं की साखळी न काढता चार बोटं फट उघडतो, त्या फटीतून अपमान करतो आणि दार लावून घेतो. लोक पोट धरून हसतात. एवढ्या वर्षांत त्याचं घर आतून कुणी पाहिलेलं नाही, आणि पाहणार तरी कसं, आत घर नाहीच. प्लायवूडची भिंत, तिला मागून टेकू, दोन स्टुलं, एक टेबलफॅन आणि मी. भिंत हलू नये म्हणून दार धरून ठेवायचं, कडीचा आवाज काढायचा, काकांच्या हातात वेळेवर वर्तमानपत्र द्यायचं, एवढंच माझं काम. (याआधी मी बेकरीत होतो, त्याआधी बोटी रंगवायला. बोटीवरची गंमत सांगायलाच हवी, पण नको, तू म्हणशील पोरगं पुन्हा भरकटलं.)

तो साखळीवाला म्हातारा मनाने वाईट नाही असं तू नेहमी म्हणतेस आणि बाकीच्या तुला हसतात. मावशी, तुझंच बरोबर आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याशी त्याचं भांडण आठव. मशीनच्या खडखडाटाने डोकं उठतं म्हणून सतत तक्रार. आणि शिंपी तापाने पडला, मशीन बंद राहिलं, तर हाच खाली जाऊन त्याच्या बायकोला झापतो, की आज आवाज का नाही, मला वेळ कशी कळायची? वर जाताना औषधांची पिशवी दारात टाकतो, म्हणे चुकून माझ्याकडे आली होती. त्याची माया कायम अशी तक्रारीच्या कपड्यांत येते.

खरे साखळीकाका, म्हणजे ते काम करणारे नट (सेटवरही सगळे त्यांना साखळीकाकाच म्हणतात), यांच्यात आणि मालिकेतल्यात फरक एवढाच, की मालिकेतला बोलला की लोक हसतात. सुरुवातीला ते माझ्याशी फक्त "सरक" एवढंच बोलायचे. मग एक दिवस दारामागे दुसरं स्टूल आलं. कुणी आणलं विचारलं, तर म्हणाले, उभ्या उभ्या तुझे गुडघे माझ्या पाठीत लागतात. टेबलफॅन माझ्याकडे वळवलेला असतो त्यालाही कारण आहे, वाऱ्याने त्यांना शिंका येतात. शिंप्याचं काम करणारे जे नट आहेत, त्यांच्याशी तर काका सेटबाहेर म्हणे बोलतच नाहीत. दोघं वर्षानुवर्षं एकाच गाडीने येतात, एक डाव्या खिडकीतून बघतो, दुसरा उजव्या. पण एकदा शिंपी आला नाही, तर काका गाडीत बसेनात. चालत आले आणि दिवसभर दिसेल त्याच्यावर डाफरत होते.

तर तो शिंपी आता मालिका सोडून चाललाय. मुलीला जुळं झालंय, तिच्याजवळ राहायला जाणार, खुशीत आहे. म्हणून दिग्दर्शिकाबाईंनी निरोपाचा भाग लिहून घेतला: शिंपी दार वाजवतो, साखळीकाका जन्मात पहिल्यांदा कुणासाठी साखळी काढतात आणि त्याला मिठी मारून रडतात. काका म्हणाले, हा माणूस मिठी मारत नाही. बाई म्हणाल्या, चॅनेलवाल्यांना मिठीच हवी आहे. नाही मारलीत तर त्या घरात नवीन जोडपं राहायला येईल. म्हणजे काका घरी, आणि पाठोपाठ मीही. (नवीन जोडप्याचं दार काचेचं ठरलंय. काचेमागे मला कोण उभं करणार?)

मग काकांना तयार करायचं मी मनावर घेतलं. कपडेपटातून शिंप्याचा पुतळा आणला, तो बिनडोक्याचा असतो ना, तसला, आणि दारामागे उभा केला, की घ्या, करा सराव. काकांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, याच्याशी माझं पटेल, हा बोलत नाही. मिठी काही मारली नाही, त्याच्या खांद्यावर स्वतःचा ओला टॉवेल वाळत घातला. मग मी विचार केला, निदान साखळी तरी नीट चालली पाहिजे, नाहीतर काकांना आयता बहाणा मिळेल. ती जुनी साखळी दोन खिळ्यांवर कशीबशी लोंबत होती. मी मन लावून लांब स्क्रू मारले, वाकडी खाच हातोडीने ठोकून सरळ केली, सगळं घट्ट बसवलं. मावशी, सेटवर प्रत्येक गोष्ट खोटी पक्की करायची असते, आणि मी ती खरी पक्की केली. तुझ्या भाच्याने आयुष्यात एक काम चोख केलं, ते नेमकं तिथे.

शूटिंगला समोर खुर्च्या भरून प्रेक्षक. शिंपी दार वाजवतो. काका फट उघडतात, ठरल्याप्रमाणे अपमान करतात, लोक हसतात. मग काका साखळीला हात घालतात, तर साखळी हलेना. ते ओढतात, मी ओढतो, दोघं मिळून ओढतो, भिंत डुगडुगायला लागली पण साखळी ढिम्म. लोकांना वाटलं हेही विनोदातलंच, ते आणखी हसले. पलीकडे शिंपी हात पसरून तसाच उभा. बाई डोकं धरून बसलेल्या मला फटीतून दिसल्या. आणि काका एकदम थांबले. त्यांनी फटीतून हात बाहेर काढला आणि शिंप्याच्या सदऱ्याचं वरचं बटण धरलं.

"बटण लोंबतंय," ते म्हणाले. "शिंपी ना तू?"

"घाईत राहिलं." (हे काहीच लिहून दिलेलं नव्हतं.)

"तिकडे तुला कोण सांगणार?"

बस्स. बटण काही सोडेनात. शिंपीही हलेना. मघा हसणाऱ्यांतल्याच कुणीतरी पुढच्या रांगेत नाक ओढलं ते मला आतपर्यंत ऐकू आलं. आणि जे प्रेक्षकांना, कॅमेऱ्याला, कुणालाच दिसलं नाही ते फक्त मला दिसलं, ते म्हणजे काकांचा दुसरा हात. त्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांचे वळ उठले. चेहरा मात्र तस्साच, उकडलेल्या बटाट्यासारखा. शेवटी बटण तुटून हातात आलं, ते त्यांनी स्वतःच्या खिशात टाकलं आणि दार लावलं. टाळ्या थांबेनात. मी हळूच म्हटलं, काका, वा. ते म्हणाले, सरक.

बाईंनी पुन्हा काही घेतलं नाही, हेच ठेवलं. पण चॅनेलवाले विचारतात, मिठी कुठाय? भाग दाखवून लोक काय म्हणतात ते बघणार, आणि मग काकांना ठेवायचं की काचेचं दार बसवायचं ते ठरवणार. साखळी कुणी बसवली हे अजून कुणी विचारलेलं नाही. बाकी सगळं छान. मी इथे आता चांगला रुळलोय, कुठे पळायचं मनात नाही, तू काळजी करू नकोस. मांजरीला गोंजार, शेजारणींना माझी आठवण सांग.

तुझा,
दारामागचा भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच आहे. तो भाग येत्या शुक्रवारी लागेल. तू आणि तुझ्या सगळ्या शेजारणींनी चॅनेलला कळवायचं, की आम्हाला मिठी नको, हेच हवं. सगळ्यांनी एकच मजकूर लिहू नका, लिफ्टच्या तक्रारीत तसं केलंत आणि पकडल्या गेलात. काकांना यातलं काही कळता कामा नये.

आणखी एक ता. क. रुळलोय म्हणालो ते अगदीच खरं नाही. पिशवी भरून ठेवलीय. काका गेले तर त्या दारामागे दुसऱ्या कुणासाठी मला उभं राहायचं नाही. हे त्यांना बोललेलो नाही.

शेवटचा ता. क. मावशी, पत्र खिशातच राहिलं ग, शुक्रवार होऊनही गेला. हे उभ्या उभ्या लिहितोय, कारण आत्ता दार वाजलं, आणि बघतो तर साखळीकाका. जे कुणाच्या घरी जात नाहीत ते, माझ्या खोलीवर, एवढे जिने चढून धापा टाकत. मागे शिंपी. म्हणे स्टेशनवर निघालेत, शिंप्याला माझा निरोप घ्यायचा होता, काका आपले गाडी एकच म्हणून आले. शिंपी हसून सांगतोय की काकाही त्याच्याबरोबर चाललेत, जुळ्यांना बघायला, आणि मीही चलायचं, कारण खाली ट्रंक आहे ती दोघांना उचलत नाही. मी विचारलं, चॅनेलचं काय झालं? काकांनी माझी भरलेली पिशवी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मंगळवारी परत यायचंय," ते म्हणाले. "दार काय मी एकट्याने धरू?"