प्राथमिक फेरीतले पाच विजय

प्रिय डेलवर्थ यास,

मँडेव्हिलहून एव्हरल्डचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (माझे दोन्ही ठणठणीत आहेत, वापरलेच कुठे?) बातमी अशी की सत्तावन्नाव्या वर्षी मी लग्न करतोय. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी किंग्स्टनहून सकाळच्या बसने ये. सबबी नकोत.

नवरी आयसिल्डा, आमच्या कोपऱ्यावरची खानावळवाली. तिच्याकडच्या नारळाच्या रसातल्या बांगड्यासाठी मी तीन वर्षं रोज दुपारी जातो आणि रोज भांडतो. भांडण एकच: शंभर मीटरची राणी कोण? मी केमोया ग्रँटचा, कारण तिची जागतिक पदकं सात. आयसिल्डा ट्रूडी वॉल्शची, कारण ट्रूडी तिच्या गावाजवळची. पदकं दोनच, पण समोरासमोर धावल्यावर ट्रूडी चौदा वेळा पुढे, केमोया अकरा. हे आकडे मला अन्न गोड लागू देईनात. म्हणून मी दोघींच्या सगळ्या शर्यती लिहून वही केली (आठवडाभर दुकान बंद ठेवून, शिंप्याचं डोकं, कुठेतरी उसवणारच) आणि भर खानावळीत जाहीर केलं, की केमोया सोळा, ट्रूडी चौदा.

आयसिल्डाने हात पुसून वही हातात घेतली. डोमिनो खेळणारे सगळे थांबले. मी केमोयाचे पाच विजय प्राथमिक फेऱ्यांमधले घुसडले होते. प्राथमिक फेरीत ट्रूडी शेवटचे वीस मीटर इकडेतिकडे बघत येते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. खानावळ एवढी हसली की मला बांगड्याचा काटा लागला.

अब्रू वाचवायला मी म्हणालो, मला धावण्यातलं शिकवू नका, शालेय स्पर्धेत पदक मिळवलेल्या रिलेचा तिसरा टप्पा मी धावलोय. (ओरडू नकोस. तो तू धावलास आणि मी पाण्याची बादली धरली, हे मला माहीत आहे.) आयसिल्डाने वही मिटली. म्हणाली, त्या दिवशी ती स्टेडियममध्ये होती, आणि रिलेची काठी हातात घेताना हसलेला तो मुलगा तिला महिनाभर आठवत होता. मी मान हलवली. त्याच आठवड्यात लग्न ठरलं.

तुझा,
एव्हरल्ड

ता. क. वर काहीही लिहिलं असलं तरी लग्नाला येऊ नकोस. तू अजूनही तसाच हसतोस. गुडघ्याचं कारण कळव.

ता. क. दुसरा. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. झोप लागेना, म्हणून आज तिला सगळं सांगितलं. ती वाटाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो मुलगा डावखुरा होता. तू भात उजव्या हाताने खातोस. तू थाप मारलीस त्याच दिवशी मला कळलं."

मग हो का म्हणालीस, असं मी विचारलं.

"पदक त्याचं," ती म्हणाली, "पण रोज समोरासमोर येऊन माझ्याकडून हरतोस तो तू."

तेव्हा ये. पण चर्चमध्ये खांबामागे बस, आणि कृपा करून हसू नकोस.