सहामधला तुमचा कोनता

बाबा, तुमचे मासे आठवतेत ना? कोहमारा गावच्या ढाब्यावरचे, काचेच्या पेटीत तळाशी फिरनारे? त्याचंच सांगाचं आहे. तुमाले जाऊन इतके साल झाले का मी आता दाढी करतो, ऑटो चालवतो, आनि माय म्हनते का मागून पाह्यलं तं चाल तुमचीच आहे. "आनि पुढून?" म्हनून मी विचारलं, तं तिनं लाटनं फेकून मारलं. म्हंजे घरी सगळं बरं आहे.

तुमी तंदूरवर होते. गल्ल्यापासी ती पेटी, शेठनं गिऱ्हाईकाच्या लेकराईसाठी ठेवलेली. वर रंगीत मासे मिरवत राहायचे आनि खाली हे सहा. अर्ध्या बोटाएवढे, मातकट, मिशावाले, आंगावर खवल्याच्या जागी छपरावरच्या कवेलूवानी एकावर एक पट्ट्या. शाळा सुटली का मी तठीच. नाही सुटली तरी तठीच. एक दिवस नागझिऱ्याचं जंगल पाहून आलेली एक बाई जेवून राह्यली होती. तिनं मले विचारलं, "ये कौनसी मछली है बेटा?" मी म्हनलो, "आंटीजी, आपकीच प्लेट में आनेवाली है, अभी नहा रही है." बाई जेवन टाकून उठलीच. तुमी तंदूर सोडून बाहेर आले, घामानं निथळत. मले वाटलं, आता चिमटा बसते. तुमी इतकंच म्हनले, "खानाऱ्याच्या घासावर मस्करी नाही कराची. बाकी दुनिया पडली आहे, कर." मंग पेटीकडं पाहून म्हनले, "हे मासे डोळा मारतेत, मालूम आहे का तुले?"

"बाबा, मले बनवू नका."

"बसून पाह्य ना बे."

बसलो. दोन ट्रकवाले जेवून गेले, तिसरा खाटेवर झोपला, मासा काही डोळा मारत नाही. मी उठनारच, तं एक जन काचेपासी येऊन थांबला आनि त्यानं बुबुळ असं गर्रकन खाली फिरवून वर आनलं, का जसा बसस्टॉपवरचा एखादा बदमाश. मी वरडलो, "मारला! मारला!" शेठले वाटलं गल्लाच मारला, तो चप्पल घालून पळत आला. आनि तुमी तंदूरच्या धुरात हसून राह्यले, खोकता खोकता हसून राह्यले. साऱ्या गावाले मी बनवतो, बाबा. मले बनवनारे तुमी एकटेच होते, आनि त्या दिवशी तं तुमी खरंच सांगून राह्यले होते.

मंग रस्ता रुंद झाला आनि ढाबा मोडला. रंगीत मासे कोनीतरी उचलून नेले, तळाचे कोनालेच नको होते. तुमी शेठले विचारून पेटी घरी आनली. मी गाडीवर मागं पेटी मांडीत धरून, आनि हँडलले तेलाच्या डब्यात मासे. लाइटीचा बोर्ड स्वयंपाकघरातच होता म्हनून पेटी मायच्या चुलीसमोर बसली. माय म्हने, "मासे आनले, आनि खायाचे नाहीत?"

"पोसाचे आहेत."

"कोंबड्या पोसतेत, बकऱ्या पोसतेत. मासे कायले पोसाचे जी?"

तुमी ऐकूनच घेतलं नाही. तुमी म्हनले, "गिट्टीनं याच्या मिशा घासून राह्यल्या, पाह्य." ढाब्यावरची ती रंगीत टोकदार गिट्टी फेकली, नाल्याची वाळू आनली, आनि मायच्या पिठाच्या चाळनीनं चाळली. मायनं तुमच्या सात पिढ्यांची पूजा बांधली. "आता भाकरीत कचकच लागन, तवा मासोळ्याईलेच वाढा!" तुमी परातीत वाळू धुवून राह्यले, तांदूळ धुतेत तसे, पानी निवळ होईस्तोर. मले आता बी तो हात दिसते. तंदूरनं उजव्या हातावरचे केस खाल्ले होते, हात कोपरापर्यंत गुळगुळीत, लेकराच्या हातावानी. तो हात पान्यात घालून तुमी वाळू सारखी करत राह्यले आनि ते सहाही जन येऊन मिशांनी हात चाचपून राह्यले. तुमी म्हनले, "गुदगुल्या होतेत बे." आनि हात काढलाच नाही.

त्याच उन्हाळ्यात तुमच्या छातीत दुखलं. गोंदियाच्या दवाखान्यात पोचलोच नाही आपन. ते मी लिवत नाही.

माशाईले तुमी गेल्याचं काय मालूम. माय, जी चाळनीसाठी भांडली होती, तीच रोज सकाळी चहाच्या आधी त्याईले दाना टाकाले लागली. पन माशाले बी उमर असते. एकेक करून गेले, शेवटी एक राह्यला. तो एकटा हवेच्या पाइपाच्या मागं तोंड खुपसून बसाचा. दाना टाका का लाईट लावा, बाहेर नाही. गोंदियाच्या दुकानवाल्याले विचारलं तं म्हने, "भाई, ये झुंड की मछली है. अकेली रखेगा तो खाना छोड़ देगी. पाँच और ले जा."

घरी येऊन मायले सांगतलं. ती भाकर थापत होती, थापतच राह्यली. मंग म्हने, "नाही आनाचे."

"मरन तो, माय."

"आनि पाच आनशीन तं त्याईचा, तुझ्या बाबाचा कोनता, हे ओळखशीन कसा? सगळे सारखेच तं दिसतेत. त्याईच्या हातचा तेवढाच एक जिता आहे घरात."

मी जाऊन दोस्ताले विचारलं. दोस्त म्हने, शेपटीले जरासा चिरा दे, निशानी राहीन. मी ब्लेड बी आनलं, जाळीत धरला बी त्याले. तो हातात काटे ताठ करून तनून राह्यला, आनि माझ्याच्यानं नाही झालं. सोडून देलं.

तिसऱ्या दिवशी मायच म्हने, "जा, आन. उपाशी नको ठेवू त्याले." आनले. सुरुवातीले आपला मोठा दिसाचा, एक मिशी आखूड, ओळखू याचा. दुसऱ्याच दिवशी तो पाइपामागून निंगाला आनि सगळ्याईसंगं वाळूत तोंड खुपसून फिरून राह्यला, मागं धुराळा. माय पदरानं डोळे पुसून म्हने, "चुलीचा धूर लागला." गॅस येऊन किती साल झाले, बाबा.

पन नवे मोठे झाले. वाळू उकरून उकरून त्याईच्या बी मिशा घासल्या. आता सहाही एकच.

मागच्या पावसात एक मेला. सकाळी उठलो तं वाळूवर आडवा. तुमचा का नवा, मी लय उलटापालटा करून पाह्यला, नाही समजलं. माय उठाच्या आत सीताफळीखाली गाडला, आनि गोंदियाची सवारी आहे असं मायले सांगून दुसरा घेऊन आलो. सहा होते, सहाच आहेत.

माय रोज दाना टाकते आनि विचारते, "त्याईचा कोनता रे?" मी बोट ठेवतो. काल काचेच्या या कोपऱ्यावर, आज त्या. रोज वेगळा. ती पाहून मान हलवते, एकदा बी म्हनत नाही का काल तं दुसरा होता. मंग चहा ठेवता ठेवता तुमची एखादी गोष्ट काढते. तुमाले आल्याचा चहा कसा लागाचा, तुमी घोरत कसे होते.

हा कागद कोनाले देनार, पेटीवरच ठेवतो आनि उद्या त्यानंच काच पुसतो. तुमचा जिता आहे का नाही, मले खरंच मालूम नाही, बाबा. पन तिनं विचारनं सोडलं, तं घरात तुमचं नाव कोन घेईन? एवढा बडबड्या मी, पन तुमचं नाव तोंडातून काढनं मले आजवर जमलं नाही.