सासऱ्यांची रायफल आणि माझी बॅरल

७ जानेवारी

पुन्हा तेच! पाच गोळ्या, पाच दिशांना. सासरेबुवांनी रायफल टेबलावर ठेवली आणि टार्गेटचा कागद माझ्या नाकासमोर धरला. "जावईबापू, ही तुमची नवी बॅरल. जुनी बरी होती म्हणायची पाळी आणलीत."

जुनी बरी होती म्हणे! गेल्या वर्षी स्वतःच म्हणाले होते, बॅरल झिजली, नेम पसरतोय, नवी बसवा. ते म्हणाले म्हणजे झिजली. नेमबाजी क्लबातली निम्मी बक्षिसं या माणसाच्या कपाटात आहेत. माझ्या वर्कशॉपमधली कुठलीही रायफल त्यांनी मारून 'पास' म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकाला जात नाही. माझा स्वतःचा नेम विचारू नये. मी लेथवर राजा, रेंजवर हमाल. तेव्हा मी मुकाट्याने जुनी बॅरल काढली, तेल लावलं, धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही टोकांना बुचं ठोकली, कोपऱ्यात उभी केली. आत डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. पाहायचं काय, त्यांनी सांगितलं होतं ना!

महिनाअखेरीला क्लबची स्पर्धा. ही आपली शेवटची, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. हरले तर जावयाने रायफल बिघडवली म्हणून हरले. क्लबात बोलतील, आणि घरात तर आयुष्यभर बोलतील.

९ जानेवारी

सगळे स्क्रू तपासले. घट्ट. मग कागदाची पट्टी घेऊन बॅरल आणि लाकूड यांच्या फटीतून सरकवत नेली. मागच्या बाजूला अडकली. सापडलं! लाकूड बॅरलला टेकतंय, बॅरल तापली की नेम सरकतोय. अर्धा दिवस लाकूड घासलं. आता पट्टी इकडून तिकडे बिनबोभाट जाते. बायकोला म्हटलं, चोर सापडला.

१० जानेवारी

नाही सापडला.

१२ जानेवारी

काडतुसं बदलून पाहू म्हटलं, तर रागावले. "इतकी वर्षं हीच वापरतोय. काडतुसांना कशाला नावं ठेवता?" तरी बदलली. कागदावर तोच पसारा.

मग म्हणाले, रायफलवरच्या दुर्बिणीची काच धूसर आहे. पुसली. धूसरच. दुकानातली दुसरी दुर्बीण चढवली. तीही धूसर! मी स्वतः डोळा लावला तर टार्गेटवर बसलेली माशी दिसली. दुर्बीण काढून ठेवली. बोलून काय होणार?

संध्याकाळी घरी त्यांनी चहा ओतला तो निम्मा बशीबाहेर. म्हणे, किटलीचं तोंड वाकडं आहे. त्यांच्या जगात सगळंच वाकडं, एक ते सोडून.

१६ जानेवारी

बॅरलचं तोंड लेथवर पुन्हा कापलं. काडतूस आत बसवणारा बोल्ट उघडून नीट बसतोय का पाहिलं. आतून गोळ्यांमुळे बसलेला तांब्याचा थर घासून काढला. चिंधी पांढरीस्वच्छ बाहेर येईस्तोवर घासलं, मनगट गेलं. आणि निकाल? आधीपेक्षा वाईट. एक गोळी तर कागदालाच लागली नाही.

"काढा ही बॅरल," म्हणाले. "दुसरी बसवा." शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं.

१७ जानेवारी

जेवताना बायकोवर खेकसलो. तुझ्या वडिलांना मी जन्मात खूश करू शकणार नाही, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसऱ्या कुणी मारून बघितलीय का?"

दुसऱ्या कुणी? त्यांच्या रायफलला? परक्याचा गाल लागला की लाकडी दस्ता बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या क्लबला ठाऊक आहे. मला ही शंका इतक्या दिवसांत एकदाही आली नव्हती.

"मी काही परकी नाही," ती म्हणाली. लहानपणी ती याच रायफलवर शिकली. लग्नानंतर सुटलं.

२० जानेवारी

सासरेबुवा सर्दीने घरी. आम्ही दोघं रेंजवर. ती आडवी झाली, दस्त्याला गाल लावला, घाई न करता पाच गोळ्या मारल्या.

कागद आणला. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील!

खरं लिहितो, आधी आनंदच झाला. माझी बॅरल चोख होती. रेंजभर ओरडत सुटावंसं वाटलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती रिकामी काडतुसं गोळा करत होती आणि मान वर करत नव्हती.

"हात थरथरतो का त्यांचा?" मी विचारलं.

"नाही रे. हात अजून दगडासारखा आहे." मग म्हणाली, "त्यांना हा कागद दाखवू नकोस."

कागद घडी करून खिशात टाकला. मला फार वाईट वाटलं. दोन आठवडे मी त्यांना मनात काय काय म्हणत होतो.

२२ जानेवारी

सासरेबुवा वर्कशॉपवर आले. एकटेच. कोपऱ्यातली जुनी बॅरल उचलली, एका टोकाचं बूच काढलं, डोळ्याला लावून ट्यूबलाइटकडे धरली. बराच वेळ पाहत राहिले. "बघा, आतून कशी खाल्लीये. मी तेव्हाच म्हटलं होतं."

दुसऱ्या टोकाचं बूच तसंच होतं.

मी म्हटलं, "हो बाबा. झिजलीच होती." मग म्हटलं, मला उद्या डोळे तपासायला जायचंय, सोबत येता का?

"या वयात एकटं जायला भीती वाटते?" म्हणाले. पण येतो म्हणाले.

ते गेल्यावर दुसरं बूच काढून मी आत पाहिलं. लख्ख. एक ओरखडा नाही.