बंधाऱ्यावरून पाहिलेली विमानं

आये, मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, तुलाही येत नव्हतं, त्यामुळे हा कागद तुझ्यापर्यंत पोचला असता तरी तू त्याने चूलच पेटवली असतीस. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. म्हणते, आजी, चांगलं दिसतं. मेलेल्या माणसापुढे चांगलं दिसून काय करायचंय, पण लिहू दे. तिच्या हातात पेन आहे तोवर ती माझ्यासमोर बसून आहे, तेवढंच मला पुरे.

तुझी आठवण तिच्यामुळेच आली. चौदा वर्षांची झाली आता. शाळेची दोन दिवसांची सहल गडावर जाणार आहे, आणि हिला जायचं आहे. आपल्या धाकट्याला यायचं तसं हिलाही फेफरं येतं. इथे त्याला फिट म्हणतात, पण शहरात आलं म्हणून ते काही सौम्य होत नाही. माझा मुलगा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, सून मिरचीची देठं खुडायला जाते. दोघांनी अंग काढून घेतलं. मुलगा म्हणाला, "आई, तू हो म्हणशील तर जाईल." टीव्ही घेताना मला विचारलं नाही, जागा बदलताना विचारलं नाही. हे बरं विचारलं.

धाकट्याला तू कसं ठेवलंस ते मी विसरलेले नाही. रानात जाताना बाहेरून कडी घालायचीस. तो दिवसभर दाराच्या फटीला डोळा लावून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पावलं ओळखायचा. एकदा मी कडी काढून त्याला जत्रेत कुस्त्या बघायला नेलं. त्याला काही झालं नाही. गोडीशेव खाऊन, नाचत घरी आला. तू दारातच उभी होतीस. मला मारलंस ते ठीक, मार मी पुष्कळ खाल्ला. पण तू म्हणालीस, "तुझ्या पोटचं असतं तर नेलं असतंस का?" मी तेव्हा बारा वर्षांची. पोटचं म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. पुढे धाकटा गेला तो तापाने, घरातच, कडीच्या आत. मी मनाशी ठरवलं, माझी आई कठोर आहे, मी तशी होणार नाही.

म्हणून ही नऊ वर्षांची असताना मी हिला घेऊन विमानांचा खेळ बघायला गेले. वाशीच्या खाडीवर विमानं कसरती करणार असं मार्केटात कळलं होतं. सून म्हणाली, "सासूबाई, एवढ्या गर्दीत?" मी म्हटलं, "कुत्रा आहे की बरोबर."

कुत्र्याचं सांगायचं राहिलं. मसाला गल्लीतलं पिवळं, गावठी कुत्रं, मुलाच्या मागेमागे घरी आलं आणि राहिलं. त्याला नाव नाही, 'यू यू' केलं की येतो. हिला फिट यायच्या थोडं आधी तो हिच्या मांडीवर पंजा ठेवायचा आणि बारीक कुंई करायचा. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा माझ्या ध्यानात आलं. मग मी त्याला भाकरीवर शिकवलं. पंजा ठेवला, हिला आडवं केलं, फिट येऊन गेली, की त्याला अर्धी भाकरी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही कुत्र्यांना कळतं म्हणतात आजी, पण गोळी चुकवू नका. आणि बजावलं, फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही, चप्पल नाही, कांदा नाही. बरं, कुत्रा शहाणा तसाच लबाड. भूक लागली की उगीच पंजा ठेवायचा. मी तुकडा टाकायचे, तो गिळून चालता व्हायचा.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजी, कुत्रा खाली उतरवा. पब्लिकला चावला तर मला टेन्शन."

"आरं, त्यो कामावर हाय."

"कसल्या कामावर?"

"माझ्या नातीची राखण करतोय. तुझी बी केली असती, पण तुझ्याकडं भाकरी दिसत न्हाई."

बस हसली, कंडक्टरही हसला, आणि कुत्रा सीटखाली बसून आमच्याबरोबर वाशीला उतरला.

बंधाऱ्यावर माणूस मावत नव्हता. आम्हाला अगदी कडेला जागा मिळाली. ही दगडावर बसली, पाय खाडीकडे सोडून. भरतीचं पाणी होतं, काळं, दगडांना लागून वर आलेलं. मी तिच्या मागे बसले, फडकं सोडून भाकरी काढली. तेवढ्यात तीन विमानं आली. आये, आपल्याकडे विमान म्हणजे आभाळात एक टाचणी. ही तिन्ही डोक्यावरून गेली तेव्हा माझ्या छातीतलं हाडन्‌हाड वाजलं. सगळं गाव वर बघून टाळ्या वाजवतंय आणि मी डोक्यावरून पदर ओढून डोळे मिटून बसलेय. मी, जिने सुनेला 'घाबरू नकोस' असं तीनदा सांगितलं होतं.

पदराच्या आतूनच मला ऐकू आलं, "आजी, हा पंजा देतोय."

मी म्हटलं, "भाकरीचा वास आला असंल चोराला. दे तुकडा."

"दिला. खात नाही."

"मग इमानाला भ्यालाय. बस गप."

तो भाकरी खात नव्हता, आये. एवढ्या दिवसांत त्या कुत्र्याने कधी भाकरी नाकारली नव्हती. हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. पण विमानं वळून परत येत होती आणि मला माझ्या भीतीतून डोकं बाहेर काढवत नव्हतं.

मग फाटल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर ही पाण्याकडे कललेली, हातपाय ताठ, आणि कुत्र्याने तिच्या फ्रॉकची पाठ दातांत धरलेली. फ्रॉक टरकत चाललेला. मी तिच्या कमरेला मिठी घातली आणि मागे ओढलं. कसं ओढलं ते सांगता येत नाही. माझ्या कोपराचं सोललेलं मी रात्री पाहिलं. तिला कुशीवर केलं. तिचे ओठ निळे, डोळे पांढरे, टाच दगडावर आपटतेय.

माणसं गोळा झाली. "चप्पल लावा नाकाला." "कांदा आहे का कुणाकडे?" "चावी द्या हातात, लोखंड धरवा." एक जण चप्पल काढून वाकला, तसा कुत्रा तिच्यावर आडवा उभा राहून गुरगुरला. दुसरा ओरडला, "फ्रॉक बघा, कुत्र्याने फाडलंय पोरीला. पिसाळलंय ते." त्याने दगड उचलला. त्याच्यामागे आणखी दोघांनी उचलले. मला हात दोनच. एक हिच्या डोक्याखाली, तो काढला तर डोकं दगडावर आपटणार. दुसऱ्या हाताने मी कुत्र्याला ओढून पोटाशी घेतलं आणि म्हटलं, "मारायचं तर आधी मला मारा. त्यानं पाण्यात जाणारी पोर धरलीय. चप्पल पायात घाला आणि वारा येऊ द्या." ते मागे सरले. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तो माणूस वाकला त्याच्या आधी माझाही हात माझ्या चपलेकडे गेला होता. तू धाकट्याला लावायचीस ना. डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं ते त्यानंतर.

किती वेळ गेला ठाऊक नाही. ती निवळली. कुत्र्याने तिचा कान चाटला आणि मग, बघ त्याचं, वळून पडलेली भाकरी खाल्ली. मला तेव्हा तुझं बोलणं ऐकू आलं, अगदी कानाशी. तुझ्या पोटचं असतं तर नेलं असतंस का? भोंग्यातून सांगत होते, थोड्या वेळाने रंगीत धुराची विमानं येतील, कुणी जागा सोडू नये. पोरीने डोळे उघडले आणि विचारलं, "आजी, धुराची झाली?"

मी म्हटलं, "सगळं संपलं. घरी चल."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. बस पुलाखालून बाहेर आली आणि मागच्या काचेतून मला दिसलं, आभाळभर केशरी, पांढरा, हिरवा धूर. सगळे प्रवासी वाकून बघत होते. मी तिच्या तोंडावर पदर टाकला. पाच वर्षं मी तिला हेच सांगत आले की खेळ संपला होता. त्यानंतर मी तिला कुठे नेलं नाही. कडी नाही घातली, पण दर वेळी काही ना काही निघायचं. ऊन आहे, गर्दी आहे, माझा गुडघा दुखतो. आता कुत्राही म्हातारा झालाय, जिना उतरत नाही. गडावर तिच्याबरोबर कोण जाणार?

इथे हिचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिही की. तर म्हणाली, "आजी, मी जागी होते. तुझ्या लुगड्यातून मला दिसला धूर."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुझा हात थरथरत होता."

तिने हेही लिहिलंय, मी लिही म्हटल्यावर. आये, तुझा हात थरथरायचा का गं, कडी घालताना? मी कधी तुझ्या हाताकडे बघितलंच नाही. पाठीवर पडायचा तेवढाच मला माहीत.

असो. पत्ता नाही, त्यामुळे हा कागद राहील इथेच, गादीखाली. एक मात्र राहिलं, ते तुझ्यापुढे बोलले की हिलाही कळेल, दोनदा सांगायला नको. सहलीचा सहीचा कागद ही दोन दिवस शोधतेय, दप्तर उपसून झालं, बापाला बोलून झालं. तो हरवलेला नाही. बाजरीच्या पिठाच्या डब्याखाली आहे. मीच ठेवलाय.