संयोगिताची सिंगापूरची म्हातारी

६ एप्रिल, रविवार
येणार! माझी संयोगिता येणार! सात मेला, पुरा एक महिना राहायला. फादरनी चर्चमधी मिस्सा झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं – "आपल्या कोल्हापूरची लेक सिंगापूरला मिशनरी सिस्टर आहे, तीन वर्षांनी घरी येतेय." मी पदर सावरून ताठ बसले. नातीचं कौतुक निघालं की माझी पाठदुखी कुठं जाती, देवालाच ठाऊक! पाच वर्षांची होती, आई गेली तवा. मीच वाढवली. वेणी मीच घातली, शाळेत मीच सोडली – आणि ती सिस्टर व्हायची व्रतं घ्यायला निघाली तवा रडत रडत पेढेबी मीच वाटले.

९ एप्रिल
शेजारची सुलतानबी विचारत होती, "तिकडं समदी पैसेवाली. कोण उपाशी न्हाय, कोण उघडं न्हाय. मग सिस्टरा कशाला लागत्यात गं?"
फोनवर संयोगितालाच विचारलं. म्हणाली, "आजी, एकेका इमारतीत हजार माणसं. पण चौदाव्या मजल्यावरच्या म्हातारीला दोन-दोन दिवस कोण हाक मारत न्हाय. आम्ही दारं वाजवत फिरतो."
दारं वाजवायला सिंगापूर कशाला? माझं वाजव की!

१३ एप्रिल
व्हिडिओ कॉल केला. खुर्चीत एक चिनी म्हातारी, नव्वदीची असंल – आणि माझी पोरगी तिच्या डोक्याला तेल चोळतीया! बाटली लगेच ओळखली. माझीच! माका, जास्वंद घालून मंद आचेवर कढवलेलं तेल, संयोगिताचं डोकं दुखतं म्हणून पाठवलेलं. "ही आमा," म्हणाली. आमा म्हंजे काय? तर त्यांच्यात आजीला म्हणत्यात.
आजी! आणि मी कोण?
फोन ठेवला. शेंगदाणे भाजायला घेतले ते करपले. माझा लेक विश्वजित जेवताना म्हणाला, "आई, चटणी कडू लागती." मी म्हटलं, लागू दे.

१४ एप्रिल
आज आणखी एक कळलं. ती म्हातारी बुद्धाची. तिला हात पोचत न्हाय म्हणून तिच्या देवापुढं उदबत्ती संयोगिताच लावून देती – सिस्टर असून! मी म्हटलं, "मग तिला येशूचं सांगतीस कवा?" म्हणाली, "ती विचारंल तवा."
फादरना सांगावं का? नको. चहाडी केल्यासारखं दिसंल. पण सांगावं वाटतं!

२२ एप्रिल
घ्या! म्हातारीच्या पोटात गाठ निघाली. चौदा मेला ऑपरेशन. आणि म्हणती काय, संयोगिता जवळ नसंल तर मी टेबलावर झोपणारच न्हाय. डॉक्टर सांगून थकले.
संयोगिता मग म्हणाली, "आजी, तीन वर्षांतनं एकच सुट्टी. मे सोडला तर पुढच्या वर्षीच. तू म्हणशील तसं."
मी म्हटलं, "ये."
इचारसुद्धा केला न्हाय. तोंडातनं निघूनच गेलं.

२३ एप्रिल
सुलतानबीला सांगितलं. पोट धरून हसली. "एवढी जळतीस? ती म्हातारी काय तुझी सवत हाय व्हय?" सवत परवडली असती.

७ मे
आली! वाळलीया. चार भाकऱ्या खाल्ल्या, पिठलं पुसून खाल्लं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. आज दुसरं काय लिहीत न्हाय.

८ मे
मे महिन्यात रोज एकाच्या घरी रोझरी, म्हंजे जपमाळेची प्रार्थना असती. आज आमच्यात. गल्ली भरली होती. मी मुद्दाम संयोगिताला शेजारी बसवली, सगळ्यांना दिसावी म्हणून. शेवटी देवाकडं मागणं मागताना ती म्हणाली, "आमाच्या ऑपरेशनसाठी." माझ्या घरात! माझ्या सतरंजीवर! सगळी आमेन म्हणाली. मी खोकले.

१० मे
संयोगिता सुलतानबीकडं गेलती. तिचा फोन घरीच होता, व्हिडिओ कॉल वाजला. मी उचलला.
तीच! तिकडच्या सिस्टरनं फोन धरला होता. म्हातारी बारीक झालीया. मला बघितलं, मान हलवली. मग माझ्या खांद्यावरनं मागं बघायला लागली. दाराकडं, जिन्याकडं, परत दाराकडं. मला तिची भाषा येत न्हाय, तिला माझी. पण बघणं कळत होतं. ह्या घरात त्या दाराकडं तीन वर्षं तसं मीच बघितलंय.
"न्हाय इथं," म्हटलं आणि फोन बंद केला.
संयोगिताला सांगितलं न्हाय.

११ मे, रविवार
विश्वजितला सांगून तिकीट बदललं. संयोगिता उद्या सकाळी जाती, चौदाच्या ऑपरेशनला पोचंल. तिनं मागितलं न्हाय, मीच म्हटलं, "जा."
पाचच दिवस झाले तरी सुट्टी मोजली गेली म्हणं. आता तीन वर्षांनी. मी तवा चौऱ्याऐंशीची.