सोमवारच्या कुस्तीचं घर

मी, श्रीमती मालन दत्ताराम घाडीगावकर, वय अठ्ठ्याहत्तर, आधी राहणार बीडीडी चाळ, वरळी, आता त्याच जागेवरच्या टॉवरचा बाविसावा मजला, हे मृत्युपत्र कोणी न दटावता, स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने मला गेल्या सोमवारच्या कुस्त्यांचे निकाल विचारावेत. शाळा तिसरीपर्यंत झाली, म्हणून कायद्याचे शब्द वकीलबाईंचे, बाकीचं माझं. बाई म्हणाल्या, "आजी, थोडक्यात लिहा." बघते.

कलम पहिले, घर. आमच्या एका खोलीच्या बदल्यात हे घर मिळालं. खिडकीतून समुद्र दिसतो. किल्ली मिळाली त्या दिवशी मी लिफ्टमधून उगाच वरखाली करत बसले होते. पण घराचं लिहायचं तर आधी खोलीचं लिहायला हवं.

आमचे हे गिरणीत फिटर. गिरणी बंद पडली आणि माणूस गप्प झाला. पुढे चाळीत केबल आली आणि सोमवारी पहाटे अमेरिकेची मोठी कुस्ती दिसायला लागली. माझी नात आकांक्षा तिला पे-पर-व्ह्यू म्हणते. तिकडे म्हणे घरच्या टीव्हीवर बघायलाही वेगळे पैसे भरतात. आमच्याकडे चपला बाहेर काढल्या की झालं. खोलीत माणसं, दारात माणसं, व्हरांड्यात बाकड्यावर उभी माणसं, आणि सगळ्यांना माझा चहा.

हे जातीचे घाडी. गावाला देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान यांच्या घराण्याचा. शेवटच्या कुस्तीआधी टीव्हीपुढे नारळ ठेवून उभे राहायचे. "बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखातल्या झिलाच्या पाठीशी उभो ऱव. त्याच्या पाठीत खुर्ची बसली तरी हाड मोडूक देव नको." अख्खी खोली म्हणायची, "व्हय म्हाराजा." एरवी मीठ मागायलाही तोंड न उघडणारा माणूस, त्या दिवशी त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जायचा.

हे गेल्यावर मी गाऱ्हाण्याला उभी राहिले तर शेजारचा भिवा म्हणाला, "वहिनी, बायकांनी घालूचा नसता."

"मग तू घाल."

त्याला शब्द येईनात, मग मीच घातलं. चहा मात्र घेतलान.

कलम दुसरे, राग. माझा मुलगा जयवंत म्हणतो, "आई, सगळं आधीच ठरवलेलं असतं." मला काय ठाऊक नाही? दशावतारात राक्षस मरायचा हेही ठरलेलंच असतं, तरी आम्ही उजाडेपर्यंत बसायचो. राग त्याचा नाही. गेल्या वर्षी त्याने मोबाइलवर निकाल बघितला आणि शेवटच्या कुस्तीआधीच भरल्या घरात सांगून टाकला. कोणी भांडलं नाही. माणसं उठून चपला शोधायला लागली. नारळ तसाच राहिला.

हाच जयवंत म्हणतो की सरकारची परवानगी मिळाली की घर विकू, बदलापूरला मोठं घेऊ, तिथे हवा चांगली. असेल.

म्हणून माझ्यामागे हे घर जयवंतची मुलगी आकांक्षा हिला द्यावं. मोठ्या कुस्तीच्या सोमवारी तिने दार उघडं ठेवावं. टॉवरमध्ये सगळे दार लावून बसतात, चाळीतली माणसं कुठल्या मजल्यावर गेली ते कळत नाही. त्या दिवशी तरी कळू दे. गाऱ्हाण्याचा मानही तिचाच. मालवणी अडखळत बोलते, पण आवाज आजोबांचा घेऊन आलीय. मला धास्ती एकाच गोष्टीची आहे, या घरापायी बाप आणि लेक कोर्टात समोरासमोर उभे राहतील.

कलम तिसरे, बाकीचं. बँकेतली ठेव जयवंतला. सोन्याची माळ सून नम्रता हिला, तिने ती रोज घालावी, लॉकरमध्ये टाकू नये. गिरणीतल्या जुन्या मशीनच्या पट्ट्यावर पितळी ताटली ठोकून यांनी चॅम्पियनचा पट्टा केला होता, तो भिवाला. त्याच्या पोटावर बसणार नाही, खांद्यावर टाकावा.

इथवर लिहून आज मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. भिवा सहीला आला होता. बाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. भिवाने लगेच पेन खाली ठेवलं. म्हणाला, "पट्टो माका व्हयो."

जयवंत इतका वेळ खिडकीशी उभा होता. पुढे येऊन म्हणाला, "मी करतो सही."

बाई म्हणाल्या, "अहो, मग यातलं तुम्ही काही घेऊ नये. आणि उद्या घरावर हरकत घेतलीत तर ही सही तुमच्याच तोंडावर मारतील."

"म्हणूनच. आणा ते पेन."

आकांक्षा उठली. बापाला बसायला खुर्ची दिली.

तेव्हा ठेवही आकांक्षाला, अशी दुरुस्ती मी सहीआधी इथेच करते. जयवंतवरचा राग या कागदातून काढावा असं मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही. राहू दे मग.

मृत्युपत्र करणार: मालन दत्ताराम घाडीगावकर (सही माझी, अंगठा नाही)

साक्षीदार:
१. जयवंत दत्ताराम घाडीगावकर, मुलगा
२. डॉ. मेघना हितेंद्र राऊळ, माझं बीपी बघतात

ठिकाण: वरळी, मुंबई
दिनांक: ४ मे २०२६, सोमवार